खर्र्याची फुंकर

मी कार्ड रीडर बोलतोय. मला ओळखलं नाहीत तर त्यात तुमची चूक नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा माझा देह. एका टोकाला पत्र्याची शेपटी, ती कम्प्युटरच्या भोकात जाते. दुसऱ्या टोकाला चपटं तोंड, त्यात कॅमेऱ्यातलं नखाएवढं कार्ड बसतं. कार्डात जे असेल ते मी तोंडाने घेतो आणि शेपटीने कम्प्युटरला देतो. मधे स्वतःसाठी काही ठेवून घेत नाही.

पण आज मला माझ्या कामाबद्दल कमी आणि माझ्या तोंडाबद्दल जास्त बोलायचं आहे. माझं तोंड घाण आहे. आणि ती घाण माझी नाही.

मी जिथे जन्मलो तिथे फार स्वच्छता होती. डोक्यावर पांढऱ्या टोप्या, हातात मोजे, तोंडावर फडकी बांधलेल्या बाया एका लांब पट्ट्यापाशी उभ्या राहून आम्हाला जोडत होत्या. आमच्या तोंडातल्या सोनेरी काड्या केसापेक्षा थोड्याच जाड. त्यांवर कोणाचा श्वाससुद्धा पडू देत नव्हते. एकीला शिंक आली तर ती पट्टा सोडून बाहेर पळाली, हे मी पाहिलं आहे. मला वाटलं, जग असंच असेल. शिंक आली की माणसं बाहेर पळत असतील.

मग पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या पाकिटातून मी नागपूरच्या बाजारात आलो आणि तिथून एसटीने लाखांदूरला. मला विकत घेणारा मनिष. बसस्टँडजवळ त्याचा फोटो स्टुडिओ आहे. दुकानात आल्यावर त्याने माझं पाकीट कात्रीने कापलं नाही. दातांनी फाडलं. प्लास्टिक फाटलं आणि एक लालसर तपकिरी थेंब थेट माझ्या तोंडात पडला. तंबाखू, चुना आणि सुपारी यांचा तो वास मला तेव्हा माहीत नव्हता. आता माझ्या अंगाला दुसरा वासच नाही.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटतात, त्याला खर्रा म्हणतात. पन्नीला रबर गुंडाळून तो खिशात ठेवायचा आणि चिमूट चिमूट गालात भरायचा. मनिषच्या गालात तो सकाळी दुकानाचं शटर वर करताना जायचा आणि शटर खाली करताना बाहेर यायचा. मधल्या वेळेत मनिष जे बोलायचा ते मान वर करून, खालचा ओठ पुढे काढून बोलायचा, म्हणजे आतलं सांडू नये. तरी सांडायचंच. कीबोर्डवर, माऊसवर, गिऱ्हाइकाच्या फोटोवर, माझ्यावर.

माणूस वाईट नव्हता. फोटो छान काढायचा. लहान लेकरांना हसवायची त्याची एक युक्ती होती, कॅमेऱ्यामागून बैलासारखा हंबरायचा. पण माणूस वाईट नसला म्हणून त्याची थुंकी गोड होत नाही.

दुकानाच्या पोटमाळ्यावर एक म्हातारी वायर होती. जाडजूड, करडी, जुन्या प्रिंटरची. तिच्या तोंडात दात होते, दोन ओळी, आणि दोन्ही बाजूंना कसायचे स्क्रू. मनिषची बायको हर्षा सफाई करताना तिला खाली काढायची, पुन्हा वर ठेवायची, टाकवत नव्हती. ती वायर एकदा माझ्या शेजारी दिवसभर पडली होती, तेव्हा तिने मला आमच्या कुळाची गोष्ट सांगितली. पूर्वी प्रत्येक यंत्राचं तोंड वेगळं असायचं. प्रिंटरचं वेगळं, माऊसचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं. कोणाचं कोणात जायचं नाही. माणसं वैतागायची. मग कोणा शहाण्यांनी डोकं लावलं आणि सगळ्यांना एकच शेपटी दिली. आता काहीही कशातही लावा.

"तेव्हापासून बिघडलं," म्हातारी वायर म्हणाली. "आम्हाला लावायचं तर स्क्रू कसावा लागे. खाली वाकावं लागे. कोणी उगाच काढत-घालत नसे. तुम्हाला सारखं उपसतात."

मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं. नंतर पटलं. मला मनिष दिवसातून कितीदा तरी उपसायचा. शेपटी उलटी लावायचा, जात नाही म्हणून ढकलायचा, शिवी द्यायचा, सुलटी करायचा, तरी जायची नाही, पुन्हा उलटी करायचा. आणि कार्ड उघडलं नाही की मला तोंडाशी धरून फुंकायचा.

फुंकर. हीच ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज बोलतोय.

फुंकलं की धूळ निघते, असं माणसांना कोणी शिकवलं मला माहीत नाही. चुलीपुढे बसलेल्या बायांनी शिकवलं असेल. पण चूल फुंकणाऱ्या बाईच्या गालात खर्रा नसतो. मनिष फुंकायचा तेव्हा वाऱ्याबरोबर चुन्याचं पाणी यायचं, सुपारीचा कण यायचा, ओल यायची. ती माझ्या सोनेरी काड्यांवर बसायची, वाळायची, वर दुसरी बसायची. घराच्या भिंतीला पोतेरं देतात तसे थरावर थर. त्यात गंमत अशी की फुंकल्यावर ओल्या काडीवर कधी कधी कार्ड लागायचंसुद्धा. मग मनिष म्हणायचा, "पाहा, निघाली धूळ." आणि त्याचा विश्वास आणखी पक्का व्हायचा.

पण कधी कधी लागायचं नाही. तेव्हा माझी एखादी काडी कार्डाला अर्धवट चिकटायची आणि अर्धवट सुटायची. कम्प्युटरला वाटायचं, कार्डात काही नाही. तो बिचारा विचारायचा, हे कार्ड पुसून नवं करू का? मनिष वाचायचा नाही. पडद्यावर जे काही येईल त्यावर 'हो' दाबायची त्याला सवय होती. त्याचं म्हणणं, कम्प्युटर उगाच विचारत राहतो, घरच्यासारखा.

असा एका पोरीच्या हळदीचा सगळा दिवस त्याने एका 'हो'ने पुसून टाकला. पोरीचा बाप आला तेव्हा मनिषने कार्ड बोटात धरून दाखवलं. म्हणाला, "काका, कार्डच खराब निघालं. कंपनीचाच माल बेकार येऊन राहिला आजकाल." कार्ड चांगलं होतं. त्याने सगळं जपलं होतं. खराब तोंड होतं, आणि ते तोंड नेमकं कोणाचं होतं ते मला माहीत होतं. बाप मान खाली घालून निघून गेला. मला किळस आली. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या तोंडापेक्षा त्याच्या बोलण्याची किळस आली.

तशी किळस येण्यासारखं माझ्यातून पुष्कळ गेलं आहे. नवऱ्यामुली काळ्यासावळ्या यायच्या आणि पिठासारख्या पांढऱ्या होऊन जायच्या. मुलीची आई शेजारी बसून सांगायची, "अजून थोडी उजळव." घरच्यांच्या फोटोतून एखादी सून काढून टाकायचे, कारण ती माहेरी गेली ती आली नाही. तिच्या जागी मागची भिंत ओढून घ्यायचे. पण कडेवरच्या लेकराच्या पाठीवर तिची बोटं तशीच राहायची. मनिषला ती दिसायची नाहीत. मला दिसायची.

आणि एक कोट होता. कम्प्युटरमध्ये एक काळा कोट, लाल टाय आणि मागे निळा पडदा तयार ठेवलेला असायचा. कोणी वारलं की घरचे आधार कार्ड घेऊन यायचे. मनिष त्यातलं मुंडकं कापायचा आणि कोटावर बसवायचा. त्या एकाच कोटात लाखांदूर तालुक्यातले किती जण भिंतींवर बसले आहेत, ते मला विचारा. ज्यांनी जन्मभर धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल तुडवला, त्यांना मेल्यावर टाय. सगळ्यांचे खांदे सारखे. सगळ्यांच्या छातीवरची घडी सारखी.

अशाच कामासाठी फाल्गुनात दिघोरीचे लक्ष्मणराव आले. त्यांचा धाकटा भाऊ मंगरू शेतात मोटारपंपाचा करंट लागून गेला होता. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, पाटावर ठेवायला फोटो हवा होता. मंगरूचा घरात नीट असा एकच फोटो, आधार कार्डावरचा. लग्नातला होता, पण त्यात मुंडावळ्यांनी अर्धं तोंड झाकलेलं. मोबाईल त्याच्याकडे बटणांचा. मनिषने मान हलवली, मुंडकं कापलं, कोटावर बसवलं, फ्रेम केली. लक्ष्मणराव फ्रेम धोतराच्या सोग्याने पुसून घेऊन गेले. आधार कार्ड स्कॅनरमधून गेलं, मला त्या कामात तोंड घालावं लागलं नाही याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. पुढे एक बाई होती, ती मंगरूची बायको चंद्रभागाबाई. तेरवीआधी अशा बाईने घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात. ती टाकून आली होती. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला, कारण सोबत भासरा होता, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्यांच्याकडे भासऱ्याशी थेट बोलत नाहीत. त्याच्यासमोर बसतही नाहीत.

तिने पिशवीतून फ्रेम काढली आणि काउंटरवर पालथी ठेवली.

"हे वापस घ्या, भाऊ."

"काहून? काच फुटली का?"

"नाही फुटली. हा मानूस आमच्या घरचा नाही."

मनिषने ओठ पुढे काढला. "बाप्पा! वहिनी, तुमच्याच आधार कार्डातला आहे. लक्ष्मणरावच देऊन गेले काल."

"तोंड त्यायचं आहे. बाकी कोनाचं आहे?"

"कोट तं सगळ्यायलेच लावतो आमी. तुमच्या गावच्या कुंताबाईच्या घरी जाऊन पाहा. तिच्या सासऱ्यालेबी हाच कोट आहे."

"हाच?"

"हाच म्हणजे... याच टाइपचा."

लॅमिनेशनच्या मशीनपाशी बसलेली हर्षा फस्सकन हसली आणि बाई कशासाठी आली आहे ते आठवून तिने तोंडावर हात ठेवला.

लक्ष्मणराव दारातच उभे होते. म्हणाले, "तेरवीले पाहुणे येतीन. चार लोकं पाहतीन. कोटात चांगला दिसून राहिला ना. साहेबावानी दिसते."

चंद्रभागाबाईने मान वळवली नाही. ती हर्षाला म्हणाली, "बाई, यायले सांग, साहेबासंग माहं लगन नोतं झालं."

हर्षाने कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. लक्ष्मणराव चंद्रभागाबाईपासून हातभर अंतरावर होते.

मग चंद्रभागाबाईने मनिषला मंडईतल्या फोटोंचं विचारलं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रेसारखी गर्दी असते आणि मधे दंडार होते. ढोलकी, टाळ, गाणी, सोंगं, आणि बायांची कामंही पुरुषच करतात. दिघोरीच्या मंडईत मनिष फोटो काढायला गेला होता. मंगरू दंडारीत बाई झाला होता.

"तुमी मंडपाखाली वाकून वाकून काढत होते," ती म्हणाली. "ते हसून राहिले होते. त्यातला एक द्या. हसतानाचा."

"दंडारीतला?" लक्ष्मणरावांचा आवाज चढला. "लुगड्यातला? मानूस मेल्यावर त्याले लुगडं नेसवून पाटावर ठेवतं का कोनी? लोकं थुकतीन तोंडावर." आणि स्वतःच बाहेर जाऊन पचकन थुंकून आले. थुंकल्याशिवाय आमच्या गावात कोणाचं कशावर मत पूर्ण होत नाही.

चंद्रभागाबाई हर्षाकडेच पाहत होती. "लुगडं माहंच होतं, बाई. हिरवं. मीच नेसवून देल्लं होतं. दुसऱ्या कोनाच्या हातचं त्यायले पटत नोतं. त्यात वाईट काय होतं मले समजत नाही. कोट कोनाचा होता, ते तं यायलेबी माहीत नाही."

मनिषला खरं तर ती फ्रेम परत घ्यायची नव्हती. पण हर्षाने त्याच्याकडे पाहिलं, आणि तो उठला. मंडईचं कार्ड शोधू लागला. मंडईवाले फोटो न्यायला आलेच नव्हते, म्हणून ते कार्ड तसंच पडलं होतं. ड्रॉवरमधून सेल निघाले, वाळलेली फुलं निघाली, कोणाची तरी राखी निघाली. कार्ड निघालं खर्र्याच्या रिकाम्या पन्नीतून. जपून ठेवायची जागा म्हणून त्याला ती सुचली होती.

त्याने मला कम्प्युटरला लावलं आणि कार्ड माझ्या तोंडात घातलं. उघडलं नाही.

मला कार्डातलं दिसत होतं, पण धुरकट. मधे वाळलेला थर होता. पलीकडे काहीतरी हिरवं हलत होतं. मी जीव काढून ओढलं, माझी एक काडी लागेच ना.

मनिषने मला उपसलं, तोंडाशी नेलं आणि फुंकलं. ओली, गरम, कडू फुंकर. पुन्हा लावलं. पुन्हा नाही. पुन्हा उपसलं, या वेळी गाल फुगवून फुंकलं. सुपारीचा एक कण आत येऊन अडकला. पुन्हा लावलं.

आणि कम्प्युटरने विचारलं. हे कार्ड पुसून नवं करू का?

मनिषने माऊसवर हात ठेवला. 'हो'वर बाण नेला. मी त्याला ओरडून सांगणार कसा? माझं तोंड त्यानेच भरलं होतं. तिथे, त्या थरापलीकडे, एक माणूस हिरव्या लुगड्यात हसत होता. आणखी कुठेच तो तसा उरला नव्हता.

"थांबा," चंद्रभागाबाई म्हणाली.

मनिष थांबला. तिला पडद्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

"तुमी त्याच्यावर थुकले का?"

"थुकलो नाही वहिनी, फुकलं. धूळ निघते."

"खर्रा खाऊन?"

"अजी, मशीन आहे हे."

"माह्या मानसाचा फोटो तुमी याच्या तोंडातून काढून राहिले ना? त्या फोटोपुढं मी निवद ठेवीन. पान वाढीन. उष्ट्या तोंडातून आलेला फोटो मले चालन का?"

मनिष हसायला लागला. "वहिनी, मशीनले काय उष्टं अन काय पष्टं!"

"जातंबी दगडच असते. उष्ट्या हातानं दळते का कोनी?"

मनिषचं हसू गालातल्या खर्र्यात अडकलं. त्याने आधारासाठी दाराकडे पाहिलं, लक्ष्मणरावांकडे. त्याला वाटलं, हे आपल्या बाजूचे. ते पुढे आले. काउंटरवर वाकले. माझ्याकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

"खरं आहे," ते म्हणाले. "फोटो कोनता लावाचा ते मंग पाहू. पन निवदाचं काम आहे. उष्टं नाही चालत. धू ते."

एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघांचं एकमत होतं. मला लुगडं-कोट काही कळत नाही, पण त्या घडीला मला त्या दोघांच्या पाया पडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत मला जी किळस येत होती ती माझ्या बाजूने पहिल्यांदाच कोणीतरी बोलून दाखवली होती. आणि ती यंत्र समजणाऱ्यांना आली नाही.

मनिषने माऊस सोडला. हर्षा उठली.

"द्या इकडं," ती म्हणाली. "मी किती दिवसापासून म्हणून राहिली, तोंड धुऊन बसत जा. माहं ऐकतं कोन? आज गिऱ्हाइकानं आयकवलं." तिने मला आणि कार्डालाही काढलं, प्रिंटर पुसायचं स्पिरिट घेतलं, माचिसच्या काडीला कापूस गुंडाळला आणि माझ्या तोंडात घातला. गार वाटलं. झोंबलं. जन्मल्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्या काड्यांना काही स्वच्छ लागलं. कापूस बाहेर आला तो कत्थ्याच्या रंगाचा. दुसरा कापूस. तिसरा. मग सुईच्या टोकाने तिने सुपारीचा कण काढला आणि चुन्याचा एक पापुद्रा. सगळं कागदावर ठेवून तिने नवऱ्यापुढे सरकवलं.

"पाहा. तुमचा खजिना."

सगळे वाकून पाहू लागले. लक्ष्मणराव म्हणाले, "शी! हे सगळं याच्या पोटात होतं?"  मनिषचा गाल हलायचा थांबला. तो मागच्या दाराने बाहेर गेला आणि चूळ भरल्याचा आवाज आला. मोरीतलं पाणी बराच वेळ वाहत होतं.

कार्डही पुसलं. मग हर्षानेच मला लावलं. कार्ड बसलं, ठक्क.

आता सांगतो ते नीट ऐका, कारण असा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. पलीकडचं सगळं एकदम माझ्या तोंडात आलं. स्वच्छ आलं. मंडपाचं निळं कापड, धूळ, ऊन, पोरांचे फुगे, जिलेबीची कढई, आणि मधे तो. हिरवं लुगडं, नऊवारी, बाईने नेसवलं म्हणून निऱ्या एकसारख्या. तोंडाला पावडर, मानेपर्यंत पोचली नव्हती, म्हणून मान काळी आणि तोंड गोरं. एक हात कमरेवर. आणि हसू. दात सगळे बाहेर. मी असं हसू पुष्कळांचं वाहून नेलं आहे, पण ते कॅमेऱ्यासाठी असायचं. हा कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. गर्दीत कोणाकडे तरी बघून हसत होता.

"हे मी उभी होती तिकडं," चंद्रभागाबाई म्हणाली. तिचा पदर खाली सरकला, तिला कळलं नाही.

हर्षा एकेक फोटो पुढे नेत होती. मनिष परत येऊन तिच्या मागे उभा राहिला. बोलला तेव्हा ओठ पुढे काढावा लागला नाही. "वहिनी, यातलं फक्त तोंड कापून घेऊ. पावडर कमी करतो. कोट नको तं साधा सदरा लावतो. लक्ष्मणरावायचंबी मन राहीन."

"पुढं घे, बाई," ती हर्षाला म्हणाली.

पुढचा फोटो आला. मंगरू गिरकी घेत होता, पदर हवेत. आणि त्याच्या मागे, खाली बसून, ढोलकीवर दोन्ही हात, तोंड उघडं, डोळे धाकट्या भावावर, हसून हसून मागे कलंडलेले लक्ष्मणराव.

 बाहेर एसटी मागे घेताना कंडक्टर शिटी वाजवत होता.

लक्ष्मणरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मी नाही बसत नेहमी," ते म्हणाले. "त्या दिवशी वाजवनारा आला नोता."

चंद्रभागाबाई वळली. पदर तसाच खांद्यावर होता. लग्न होऊन सासरी आल्यापासून ती भासऱ्याशी समोरासमोर बोलली नव्हती. आता तिने फ्रेमेतल्या कोटवाल्याला सुलटं केलं, पडद्याखाली उभं केलं आणि त्यांनाच विचारलं.

"तुमीच सांगा. या दोघायतलं कोन गेलं आपल्या घरून?"

लक्ष्मणराव फ्रेमेकडे बघत नव्हते. पडद्याकडे बघत होते. 

"मंगऱ्या," ते म्हणाले. "हा मंगऱ्या आहे." आणि बोट पडद्यावर टेकवलं, हिरव्या लुगड्यावर. मनिषने पडद्याला बोट लावायला आजवर कोणाला दिलं नव्हतं. त्या दिवशी लावू दिलं.

मग बोट काढून ते म्हणाले, "हाच काढ. पन मले त्यातून काप. माहं तिथं काय काम?"

"राहू द्या," चंद्रभागाबाई म्हणाली. "ढोलकी कोन वाजवून राहिला, ते दिसू द्या."

तो फोटो निघाला. काही उजळवलं नाही, काही कापलं नाही. मानेचा काळा रंगसुद्धा तसाच. कोटाची फ्रेम उघडून तिच्यातच हा बसवला. कोटवाला कागद हर्षाने उलटा करून फ्रेमेच्या मागे घातला, कारण फोटो जरा सैल बसत होता. तेरवीला त्या फोटोपुढे पान वाढलं, आणि पाहुण्यांतले काही जण न जेवता उठले असं नंतर दुकानात बोलणं झालं. कोणी तरी म्हणे फोटोकडे बघून थुंकलंही. लक्ष्मणराव मात्र फोटोच्या शेजारीच पंगत संपेपर्यंत बसले होते.

मला वाटलं होतं, आता माझे दिवस बदलतील. बदललेही, थोडे दिवस. मनिष कापूस वापरायचा. मग कापूस संपला. मग एका लग्नाच्या घाईत त्याने मला उपसलं, इकडेतिकडे पाहिलं, हर्षा घरी जेवायला गेली होती, आणि फुंकलं. गालात खर्रा होताच. एकदा फुंकल्यावर दुसऱ्यांदा फुंकायला माणसाला लाज वाटत नाही.

चुन्याने माझी एक काडी खाल्ली. मग दुसरी. आता माझ्या तोंडात कार्ड लागत नाही. मनिषने नवा रीडर आणला, त्याचंही पाकीट दातांनीच फाडलं. मी ड्रॉवरमध्ये आहे, वाळलेल्या फुलांबरोबर, त्याच राखीशेजारी, आणि ज्या पन्नीत मंडईचं कार्ड होतं ती पन्नी माझ्या अंगाला चिकटली आहे. पोटमाळ्यावरून म्हातारी वायर कधी कधी माझ्याकडे बघते असं वाटतं. तिच्या वेळी स्क्रू होते.

कम्प्युटरमध्ये तो कोट अजून आहे. आज सकाळीच त्यात आणखी एक जण बसला. घरचे खूश होऊन गेले.

तुमच्या घरात, दुकानात, माझं कोणी भाऊबंद असेल. वायर असेल, पेन ड्राईव्ह असेल, मोबाईलचं चार्जर असेल. ते चाललं नाही तर त्याला तोंडाशी नेऊ नका. फुंकू नका. कापूस घ्या, फडकं घ्या, पदर घ्या. पण आधी स्वतःचं तोंड धुवा. त्या तोंडापलीकडे कोण हसत उभं आहे, तुम्हाला दिसत नसतं. आम्हाला दिसतं, आणि आम्हाला ओरडता येत नाही.